बेडवर परत परत काळ्या इंककॅप छत्र्या येतायत? तापमान वाढवायच्या आधी हे वाचा

बटन मशरूमचं स्पॉन (म्हणजे बियाणं) टाकून आठ-दहा दिवस झालेत, पिकाचा पांढरा धागा अजून नीट पसरलेला नाही, आणि एके दिवशी पहाटे बघावं तर बेडच्या कडेला बारीक दांड्याच्या, राखाडी, टोपीवर पांढरट कोंडा असलेल्या छत्र्या झुंबड करून उभ्या. दुपारी परत गेलात तर छत्र्या नाहीतच, नुसते दांडे उरलेत आणि खाली कंपोस्टवर काळी शाई सांडल्यासारखे डाग. उपटल्या तर दोन दिवसांनी परत हजर. बॅच बदलली तरी परत त्याच. हा प्रॉब्लेम मला सलग तीन बॅचला आला आणि त्यातल्या दोन बॅचला तर मीच तो वाढवला, त्यामुळे जे समजलं ते सगळं एका जागी लिहून ठेवतोय, कुणाची तरी एक बॅच वाचली तरी बास.

पहिल्या बॅचला मी काय समजलो, तर पाश्चरायझेशन, म्हणजे नको ते जीव मारायला कंपोस्ट तापवणं, कच्चं राहिलं. साधा विचार होता की नको ती बुरशी आली म्हणजे ती मेली नाही, मेली नाही म्हणजे उष्णता कमी पडली. म्हणून दुसऱ्या बॅचला कंपोस्ट ५८ अंशांवर ठेवायच्या ऐवजी ६७-६८ पर्यंत नेलं आणि तेही दहा-बारा तास. झालं काय, तर छत्र्या कमी व्हायच्या सोडून जवळजवळ सगळ्या बेडवर पसरल्या, आधी निदान कोपऱ्यातच होत्या. तिसऱ्या बॅचला अजून हट्ट केला, उष्णता तशीच ठेवली आणि कंपोस्ट कोरडं पडतंय असं वाटून वरून पाणी मारलं. ती बॅच तर बघवत नव्हती, टॉर्च मारला की मधल्या रॅकवर सगळीकडे राखाडी टोप्या.

मग हळूहळू लक्षात आलं की मी उलट्या दिशेनं चाललो होतो. इंककॅप येतात त्याचं कारण बहुतेक वेळा 'बुरशी मेली नाही' हे नसतंच. कारण असतं कंपोस्टमध्ये उरलेला अमोनिया. बटन मशरूमच्या धाग्याला मोकळा अमोनिया अजिबात सोसत नाही, साधारण १० पीपीएमच्या वर गेला की तो अडखळतो, जळल्यासारखा होतो. इंककॅपला मात्र तो चालतो, नुसता चालत नाही तर त्या नायट्रोजनवर ती पोसली जाते. म्हणजे आपलं पीक जिथं पाय टाकू शकत नाही ती जागा तिच्यासाठी तयार पानच असतं. जपानमध्ये सागारा नावाच्या शास्त्रज्ञांनी १९७५ साली जमिनीवर युरिया टाकल्यावर कोणत्या बुरश्या उगवतात हे बघून त्यांचा 'अमोनिया फंजाय' असा गटच केला, आणि त्यात या इंककॅपच्या जातभाई आहेत.

आणि हा अमोनिया कमी कोण करतं? उष्णता नाही करत. ४५ ते ५० अंशांत जगणारे जिवाणू आणि उष्णताप्रेमी बुरश्या करतात, त्या अमोनिया खाऊन स्वतःचं शरीर बनवतात आणि तेच शरीर पुढे आपल्या पिकाचं खाद्य होतं. पाश्चरायझेशनला ५७ ते ६० अंश, सहा ते आठ तास, एवढंच का ठेवायचं याचं उत्तर इथं आहे: माश्यांच्या अळ्या, सूत्रकृमी, नको त्या बुरश्या यात मरतात पण ही कामाची मंडळी टिकतात. मी ६८ पर्यंत नेलं तेव्हा कामाला लावलेली माणसंच मी मारून टाकली होती. अमोनिया तसाच पडून राहिला आणि इंककॅपला रान मोकळं मिळालं. हे कळलं तेव्हा खरंच वाईट वाटलं, कारण कंपोस्ट चांगलं होतं, काड चांगलं होतं, बिघडवलं ते माझ्या काळजीनं.

आता ही बुरशी नक्की कोण ते थोडं सांगतो, कारण शोधायला गेलं की नावांचा गोंधळ होतो. जुन्या पुस्तकांत या सगळ्या शाईवाल्या छत्र्या 'कॉप्रिनस' या एकाच नावाखाली मिळतील, ग्रीकमध्ये कोप्रोस म्हणजे शेण, त्यावरून ते नाव. २००१ साली डीएनए तपासून रेडहेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रजाती फोडली. उंच, दाढीसारख्या खवल्यांची जी 'शॅगी मेन' असते ती कॉप्रिनस नावासकट बटन मशरूमच्याच कुळात राहिली, आणि बाकीच्या बहुतेक सगळ्या कॉप्रिनॉप्सिस, कॉप्रिनेलस आणि पॅरासोला अशा तीन प्रजातींत वाटल्या जाऊन सॅथिरेलेसी या कुळात गेल्या. म्हणजे शाई होणं ही काही एकाच घराण्याची खूण नाही. याच कुळातली सॅथिरेला कधी शाई होत नाही, पॅरासोला तर गवतात सकाळी छत्रीच्या काड्यांसारखी उघडते आणि उन्हात नुसती सुकून जाते. या कुळातल्या बऱ्याच जणी शेण, कुजलेलं काड, पालापाचोळा, जमिनीत गाडलेलं लाकूड असल्या गोष्टींवर राहतात आणि बहुतेकींचे बीजाणू काळपट किंवा गडद तपकिरी असतात. कंपोस्टवर आपल्याला जी भेटते ती बहुतेक वेळा कॉप्रिनॉप्सिस सिनेरिया किंवा तिची एखादी बहीण.

ही सिनेरिया प्रयोगशाळांत फार वापरली जाते, तिचा पूर्ण जीनोम २०१० साली प्रसिद्ध झाला. का वापरतात, तर तिचा वेग. ३७ अंशांला तिचा धागा सगळ्यात जोरात वाढतो आणि बीजाणूपासून परत छत्री व्हायला तिला दोनेक आठवडे पुरतात. आपलं बटन तोपर्यंत नुसतं कंपोस्टमध्ये पसरत असतं, केसिंग (वरचा मातीचा थर) व्हायचं असतं, पहिला फ्लश, म्हणजे पहिला बहर, तर अजून लांबच. त्यामुळे ती नेहमी आपल्या आधी दिसणार, यात घाबरायचं काही नाही, ती जिंकलीय असं लगेच समजू नका.

एकदा पहाटे टॉर्च घेऊन एकाच छत्रीजवळ बसून राहिलो होतो. टोपी आधी अंड्यासारखी मिटलेली, मग खालची कड हळूहळू सुटून बाहेर वळायला लागते, कड काळी होते, मऊ पडते आणि तिथून एक थेंब लोंबतो आणि पडतो. मग त्याच्या वरचा भाग काळा, मग त्याच्या वरचा, असं करत टोपी खालून वर स्वतःलाच पचवत जाते, शेवटी दांड्यावर बोटाच्या नखाएवढी चकती उरते. बोटाला ती शाई लागली की साबणानं एका धुण्यात जात नाही. मला आधी वाटायचं की बीजाणू या शाईतून पसरतात, पण बुलर नावाच्या शास्त्रज्ञांनी विनिपेगमध्ये वर्षानुवर्षं निरीक्षणं करून सांगितलं की तसं नाही, बीजाणू खालच्या कडेपासून पिकत येतात आणि हवेत उडवले जातात, आणि ज्या भागाचं काम झालं तो वितळून बाजूला होतो म्हणजे वरच्याला वाट मोकळी मिळते. शाईत थोडे उरलेसुरले बीजाणू अडकतात एवढंच. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे, शाई दिसली म्हणजे बीजाणू आधीच खोलीभर उडालेत. उपटायची तर टोपी मिटलेली असतानाच उपटा, काळी कड दिसल्यावर उपटून समाधान तेवढं मिळतं.

बरं, मग दुरुस्ती कुठून सुरू करायची? आधी छत्र्या कुठे आल्यात ते नीट बघा आणि शक्यतो कागदावर रॅकचं चित्र काढून खुणा करा. सगळ्या बेडवर सारख्या पसरल्या असतील तर मूळ कृतीतच गडबड आहे, नायट्रोजन जास्त झालाय किंवा कंडिशनिंग (पाश्चरायझेशननंतर ४५-५० अंशांवर अमोनिया जाईपर्यंत ठेवणं) अर्धवट राहिलंय. ठरावीक कोपऱ्यात, दाराजवळ किंवा भिंतीला लागून असतील तर तिथलं कंपोस्ट थंड किंवा दाबलेलं राहिलंय. आणि झुबके-झुबके, मध्येच एक गठ्ठा मग चार फूट काही नाही, असं असेल तर ओल्या ढेपा आहेत. कोंबडीखताचा गोळा न फुटता तसाच गेला की त्याच्याभोवती अमोनियाचा खजिना तयार होतो आणि छत्र्या बरोबर त्याच्यावर उगवतात. मी एका झुबक्याखाली हात घालून बघितलं तर मुठीएवढा काळा, चिकट गोळा निघाला, फोडला तसा वास डोळ्यांत गेला.

वासाबद्दल एक गोष्ट महत्त्वाची. तुम्ही दिवसभर कंपोस्टजवळ असाल तर तुमच्या नाकावर विश्वास ठेवू नका, नाक सरावतं. मी तिन्ही बॅचला शपथेवर सांगितलं असतं की वास नाही. आता काय करतो, तर स्पॉन टाकायच्या आधी कंपोस्टच्या चार-पाच जागांमधून, वरून नाही तर आतून खोलातून, मूठभर नमुना घेतो आणि प्रत्येक नमुना वेगळ्या झाकणाच्या बरणीत भरून अर्धा-पाऊण तास कोमट जागी ठेवतो. मग बाहेर मोकळ्या हवेत थोडा वेळ फिरून येतो आणि झाकण उघडून लगेच वास घेतो, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणालातरी घ्यायला सांगतो. जोडीला लाल लिटमस कागद पाण्यानं ओला करून बरणीच्या तोंडाशी, कंपोस्टला न टेकवता, धरतो. निळा झाला तर अमोनिया आहे, विषय संपला, स्पॉन टाकायचं नाही. पीएच मोजायची सोय असेल तर तेही बघा, तयार कंपोस्ट साधारण ७.२ ते ७.५ ला यायला पाहिजे, ८ च्या वर असेल तर अमोनिया अजून आत बसलाय असं समजा.

ओलावा हातानंच कळतो. मूठ घट्ट दाबली की बोटांच्या फटीत पाणी चमकावं, फार तर एखादा थेंब सुटावा. धार लागली तर जास्त झालंय. ७० टक्क्यांच्या आसपास ठीक, त्याच्या बरंच वर गेलं की आत हवा खेळत नाही आणि ते ४५-५० अंशांवाले जीव हवेशिवाय काम करत नाहीत. म्हणजे पाणी जास्त झालं तरी शेवटी अमोनियाच उरतो. माझ्या तिसऱ्या बॅचची गोष्ट हीच.

आता पुढच्या बॅचला काय बदलायचं. नायट्रोजनचं सामान, म्हणजे कोंबडीखत, युरिया वगैरे, सगळं अगदी सुरुवातीला घाला, ढीग लावतानाच, आणि शेवटच्या पलट्यांमध्ये 'अजून थोडा जोर येऊ दे' म्हणून युरिया भुरभुरायची सवय पूर्ण सोडा, तो पचायला वेळच मिळत नाही. सुरुवातीचं कार्बन-नायट्रोजन प्रमाण २५ ते ३० ला १ असं धरून हिशेब करा, तयार होईपर्यंत ते १६-१७ ला १ पर्यंत उतरतं. कोंबडीखत आधी फोडून, चाळून घ्या. जिप्सम नीट मिसळा, त्यानं चिकटपणा मोडतो आणि कंपोस्ट मोकळं होतं. खोलीत भरताना सगळीकडे सारखं भरा, एका कोपऱ्यात पायानं दाबून दुसरीकडे सैल असं नको. थर्मामीटर एक नाही तर निदान तीन-चार, आणि हवेत टांगलेले नाही, कंपोस्टच्या पोटात खुपसलेले, त्यातला एक सगळ्यात थंड वाटणाऱ्या जागी. कंपोस्टचं तापमान हवेपेक्षा बरंच जास्त असू शकतं आणि आपण हवेचा आकडा बघून निर्णय घेतो तिथेच चुकतो.

मग ५८-५९ ला सहा ते आठ तास, त्याच्या वर नाही, आणि नंतर ताजी हवा देत देत ४८ च्या आसपास आणून तिथे थांबायचं. किती दिवस थांबायचं याला कॅलेंडर नाही, बरणी सांगेल तेव्हा. मला कधी चार दिवस लागलेत कधी सहा. घाई इथेच होते, स्पॉन येऊन पडलेलं असतं, मजूर सांगून ठेवलेले असतात आणि मग जरासा वास असतानाच आपण थंड करून टाकतो. एकदा २५ ला आणलं की अमोनिया खाणारे जीव झोपले, जो उरला तो उरला. थंड केल्यावर वास आलाच तर स्पॉन टाकायच्या आधी परत ४५-४८ ला नेऊन हवा देत दोन-एक दिवस ठेवता येतं, मी केलंय, जमतं. तयार कंपोस्टवर पांढरट-करडी भुरभुर दिसते, गोडसर मातीसारखा वास येतो, हात चिकट होत नाही. ती भुरभुर बघून पुसायला जाऊ नका, तीच तर आपली माणसं.

आत्ता ज्यांच्या बेडवर छत्र्या उभ्या आहेत त्यांनी बॅच फेकू नका. छत्र्या थोड्या असतील तर होतं असं की इंककॅप तो जादाचा नायट्रोजन वापरून टाकते, तिचं खाद्य संपतं आणि मग पिकाचा धागा तिथं सरकतो. उत्पन्न थोडं घटेल, कारण ती फुकट खात नाही, पण पीक येतं. रोज पहाटे मिटलेल्या टोप्या मुळाशी पकडून काढा, पिशवीत टाका, पिशवीचं तोंड बांधा आणि खोलीपासून लांब खड्ड्यात पुरा, कंपोस्टच्या नव्या ढिगाजवळ तर अजिबात टाकू नका. हवा खेळती ठेवा, बेडवर पाणी मारू नका. औषधाच्या मागे लागू नका. आपलं पीक आणि इंककॅप दोघंही एकाच गणातले, जवळचे नातेवाईक, एकाला न दुखवता दुसऱ्याला मारेल असं फवारणीचं औषध हातात नाही, आणि छत्री म्हणजे फक्त फळ, झाड तर आत कंपोस्टमध्ये पसरलेलं आहे.

भाताच्या पेंढ्यावरच्या मशरूमवाल्यांचं दुखणं मात्र जास्त अवघड आहे, कारण तिथं पिकाला लागणारं ३०-३५ अंश तापमानच इंककॅपला आवडतं, त्यामुळे तापमानाचा खेळ करून तिला मागे ठेवता येत नाही. तिथं पेंढा नवा, कोरडा, पावसात न भिजलेला घ्या, शेण किंवा कोंबडीखत घालायचा मोह टाळा, आणि पेंढा भिजवून तसाच आंबत पडू देऊ नका. लहान कळ्या ओळखायला शिका, पिकाच्या कळीला बुडाशी पिशवीसारखं आवरण असतं आणि ती हाताला भरीव लागते, इंककॅप सडपातळ, बोटांत धरली की मोडते, पिशवी नाही.

बाहेरून आणलेल्या शेणाबद्दल बऱ्याच जणांना प्रश्न पडतो की शेण ताजं होतं, झाकलेलं होतं, मग बीजाणू आले कुठून. ते शेणातच होते. गवताला चिकटलेले बीजाणू जनावर चरताना गिळतं, जाड भिंतीमुळे ते पोटातून सुखरूप जातात, आणि शेणात पडतात तेव्हा पेरणी झालेलीच असते. शेणावर आधी दुसऱ्या बुरश्या येतात आणि इंककॅपवाल्या उशिरा येतात पण आल्या की बाकीच्यांना हटवतात, त्यांचा धागा दुसऱ्या बुरशीच्या धाग्याला नुसता टेकला तरी समोरची पेशी मरते, हे १९७० च्या सुमाराला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं गेलं. म्हणून अर्धवट कुजलेलं शेण कुंडीत घातलं की पाण्यानंतर दोन-चार दिवसांत छत्र्या दिसतात. कुंडीवाल्यांनी काळजी करू नये, त्या जिवंत मुळांना हात लावत नाहीत, शेण संपलं की जातात, लहान मुलं किंवा जनावरं घरात असतील तर उपटून टाका. परत परत येत असतील तर शेण अजून कुजवून, पलटून, वास पूर्ण गेल्यावर वापरा. न्हाणीघराच्या चौकटीपाशी किंवा लाकडी फळीखाली नारिंगी, लोकरीसारखी चटई आणि तिच्यावर छत्र्या असं दिसलं तर ती कॉप्रिनेलस आहे आणि आत लाकूड सतत ओलं राहतंय, आधी गळती शोधा.

आणि यातलं काही खायचा विचार मनात आणू नका. याच कुळातली कॉप्रिनॉप्सिस ॲट्रामेंटारिया खाऊन त्यानंतर दारू घेतली तर चेहरा लाल होणं, छातीत धडधड, मळमळ, उलट्या असा त्रास होतो, कारण तिच्यातलं कॉप्रीन शरीरातली दारू पचवण्याची साखळी मध्येच अडवतं, आणि हा परिणाम दोन-तीन दिवस टिकू शकतो. राखाडी छत्र्या एकमेकींसारख्या दिसतात, फोटोवरून ओळखून खाऊ नये.

चौथ्या बॅचला बरणी लावून सहा दिवस कंडिशनिंग केलं आणि लिटमस लालच राहिला तेव्हाच स्पॉन टाकलं. बाराव्या दिवशी दाराजवळच्या रॅकवर एक, फक्त एकच छत्री दिसली. टोपी अजून मिटलेलीच होती. काढली, खाली बोट घातलं, सुपारीएवढी कोंबडीखताची ढेप निघाली. पुढच्या ढिगासाठी चाळणी एक नंबर बारीक घेतली.